नववीच्या वर्गातून समुपदेशनाकडे : एम.ए. करायचं आहे, सुरुवात कुठून करू?

भांडुपची बाई

नमस्कार मंडळी. मी भांडुपला एका अनुदानित मराठी शाळेत गेली चौदा वर्षं मराठी आणि इतिहास शिकवते. वय ३९. बी.ए. मानसशास्त्रात केलं होतं, २००७ साली, मुंबई विद्यापीठातून. मग बी.एड. आणि लगेच नोकरी. मानसशास्त्राची पुस्तकं माळ्यावर गेली ती आता दिवाळीच्या साफसफाईत खाली आली, आणि या वेळी मी ती परत वर टाकली नाहीत.

कारण सांगते. गेल्या वर्षी माझ्या नववीच्या वर्गातल्या एका मुलाचे वडील गेले. रिक्षा चालवायचे. तेरावं झाल्यावर मुलगा शाळेत आला, डोक्यावर टोपी. मधल्या सुट्टीत मी त्याला स्टाफरूममध्ये बोलावलं, डबा पुढे केला, पाठीवरून हात फिरवला आणि म्हटलं, "रडायचं नाही हं. आता तूच आईचा आधार." तो "हो बाई" म्हणाला. वर्ष संपेपर्यंत तो माझ्याशी "हो बाई" आणि "नाही बाई" याच्यापलीकडे बोलला नाही. मला वाटलं, समजूतदार झाला पोरगा. मार्चमध्ये पालकसभेला त्याची आई आली. म्हणाली, "रात्री खाली जातो आणि वडलांच्या उभ्या रिक्षात बसून राहतो. एकदा म्हटलं, बाबा, रड की जरा. तर म्हणतो, बाईंनी सांगितलंय रडायचं नाही."

चौदा वर्षं मी मुलांशी अशीच बोलत आले आहे, प्रेमानं आणि मनापासून. पण त्या दिवशी कळलं की नुसत्या प्रेमानं भागत नाही, हे काम शिकावं लागतं. आमच्या शाळेत 'समुपदेशन कक्ष' अशी पाटी असलेली खोली आहे. आत खेळाचं सामान आणि जुन्या उत्तरपत्रिका आहेत.

इग्नू या मुक्त विद्यापीठाचं, दूरस्थ पद्धतीचं एम.ए. मानसशास्त्र करायचं मी ठरवलं होतं. माझ्या एका सहकारी शिक्षिकेनं नोकरी सांभाळून तेच केलं आहे. पण आता नवे प्रवेश बंद झाल्याचं कळलं. तेव्हापासून मोबाइलवर जाहिरातींचा नुसता पाऊस आहे. 'सहा महिन्यांत सर्टिफाइड थेरपिस्ट', 'घरबसल्या समुपदेशक व्हा'. एकीनं तर फोन करून सांगितलं, मॅडम, आज रात्री बारापर्यंत भरलेत तर फी निम्मी.

माझी शाळा सकाळच्या अधिवेशनाची, सात ते साडेबारा. दुपार मोकळी असते. घरी सासूबाई आणि सातवीतली मुलगी. नवरा म्हणतो कर, पण कर्ज काढून करू नको. समुपदेशक आणि क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट यांत फरक काय? डिप्लोमा पुरतो की एम.ए. लागतंच? माझं सगळं शिक्षण मराठीतून झालंय, इंग्रजी वाचता येतं पण बोलताना जीभ अडखळते. या वयात वर्गात बसायला गेले तर निभेल का? ज्यांनी हे केलं आहे त्यांनी कृपया सविस्तर लिहा.

जुनी ओपीडी

ताई, मी क्लिनिकल सायकॉलॉजीत एम.फिल. केलं आणि बरीच वर्षं हॉस्पिटलच्या मानसोपचार विभागात काढली. नियमांपुरतं मी सांगतो, बाकीचं इतर लोक सांगतील.

मानसोपचारतज्ज्ञ म्हणजे एमबीबीएस करून पुढे मानसोपचारात पदव्युत्तर शिक्षण घेतलेला डॉक्टर. औषध लिहून देण्याचं काम त्याचं. क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट या नावानं काम करायचं तर भारतीय पुनर्वास परिषदेची, म्हणजे आरसीआयची, नोंदणी लागते. हा कायदा १९९२ चा. त्यासाठी एम.ए.नंतर दोन वर्षांचं एम.फिल. हा नेहमीचा मार्ग होता. यूजीसीनं, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगानं, २०२२ च्या नियमांत एम.फिल. ही पदवीच बंद केली. मग क्लिनिकल सायकॉलॉजी आणि सायकिअॅट्रिक सोशल वर्क या दोन विषयांपुरती २०२५-२६ च्या प्रवेशांपर्यंत मुदत वाढवून दिली. त्यामुळे त्या दिशेनं जायचं असेल तर जुन्या लोकांच्या सांगण्यावर जाऊ नका, माझ्याही नको. आरसीआयच्या संकेतस्थळावर मान्यताप्राप्त संस्था आणि अभ्यासक्रमांची यादी असते. त्या वर्षीच्या यादीत संस्थेचं नाव दिसत नसेल तर एक रुपयाही भरू नका.

समुपदेशकाचं वेगळं आहे. त्याला आरसीआयची नोंदणी लागत नाही. याच फटीतून ते सहा महिनेवाले घुसले आहेत. २०२१ साली संसदेनं संलग्न आरोग्य व्यावसायिकांसाठी राष्ट्रीय आयोगाचा कायदा केला. त्यात वर्तन-आरोग्य क्षेत्रातल्या व्यावसायिकांचा एक गट आहे. क्लिनिकल सोडून बाकीचे मानसशास्त्रज्ञ आणि समुपदेशनाशी संबंधित काही कामं त्यात येतात. तुमचा इग्नूचा रस्ता बंद झाला तो याच कायद्यामुळे. या कायद्याखाली येणारे विषय, मानसशास्त्र धरून, दूरस्थ किंवा ऑनलाइन पद्धतीनं शिकवायला जुलै-ऑगस्ट २०२५ च्या सत्रापासून नवे प्रवेश देऊ नयेत, असं यूजीसीनं सगळ्या विद्यापीठांना कळवलं. तुम्हाला राग आला असेल, नोकरी करणाऱ्या बायकांचा मोठाच आधार गेला. पण या कामाचं शिक्षण माणसासमोर बसूनच व्हायला हवं, असं माझंही मत आहे.

थोडक्यात, तुम्हाला शाळेत किंवा संस्थेत समुपदेशन करायचं असेल तर एम.ए. मानसशास्त्र, समुपदेशन हे विशेषीकरण, आणि तेही प्रत्यक्ष वर्गात बसून. डिप्लोमा त्यानंतर जोडीला चालेल, एम.ए.च्या जागी नाही.

दादर पूर्व

ताई, तुमचा तो रिक्षातला मुलगा वाचला आणि हातातलं काम बाजूला ठेवून लिहायला बसले. लांबेल, सांभाळून घ्या.

मी सहकारी बँकेत काउंटरला होते. ३९ व्या वर्षीच सोडली, म्हणजे तुमच्याच वयाला. आज ५३ आहे आणि परळच्या एका धर्मादाय दवाखान्यात आठवड्यातून तीन दिवस समुपदेशन करते. मधल्या काळात एक चूक केली ती आधी सांगते, कारण तुम्ही तिच्या उंबरठ्यावर उभ्या आहात.

मी पहिल्यांदा एम.ए. केलं नाही. रविवारचा डिप्लोमा केला. आठ रविवार, एका हॉटेलच्या हॉलमध्ये, ३५,००० रुपये. तेव्हा ती रक्कम माझ्यासाठी फार मोठी होती, निवृत्तीच्या पैशातून काढली होती. पडद्यावर स्लाइड, दुपारी जेवण, शेवटच्या रविवारी गळ्यात पट्टा घालून प्रमाणपत्राचा फोटो. आठ रविवारांत मी एकदाही दुसऱ्या माणसासमोर बसून त्याचं ऐकलं नाही, आणि मी ऐकताना कशी बसते हे कुणी पाहिलं नाही. प्रमाणपत्र घेऊन घरी आले. शेजारची मुलगी बारावीला नापास झाली होती, तिच्या आईनं पाठवली. मी चाळीस मिनिटं बोलले. अपयश, जिद्द, वेळापत्रक, सकाळी लवकर उठणं. मुलगी टेबलावरच्या प्लॅस्टिकच्या मॅटचा कोपरा नखानं सोलत होती. मी श्वास घ्यायला थांबले तेव्हा म्हणाली, "काकू, मी जाऊ?"

पुढच्या जूनला मी एम.ए.ला बसले. वर्गात बहुतेक मुली एकविशीच्या. एक माझ्या भाचीच्या वर्गातली निघाली. पहिले पंधरा दिवस त्या मला 'मॅम' म्हणायच्या, नंतर नावापुढे ताई लावायला लागल्या. निभतं, ताई. वयाचा फायदाही होतो. माणूस मरतो, नोकरी जाते, सासर-माहेर होतं, हे त्या मुलींना पुस्तकातून समजून घ्यावं लागत होतं. आपण ते पाहिलेलं असतं. तोटाही तोच. आपल्याकडे प्रत्येक गोष्टीचं उत्तर तयार असतं.

आता मुख्य मुद्दा. कुठल्याही अभ्यासक्रमाची चौकशी करायला जाल तेव्हा फी आणि पदवीचं नाव विचारण्याआधी एक विचारा : माझे व्हर्बेटिम कोण वाचणार?

व्हर्बेटिम म्हणजे काय ते सांगते. सत्र झालं की घरी येऊन ते शब्दशः लिहून काढायचं. क्लायंटची परवानगी असेल तर रेकॉर्डिंगवरून, नसेल तर त्याच संध्याकाळी आठवून. क्लायंट १, समुपदेशक १, क्लायंट २, समुपदेशक २, असं ओळीनं. उजव्या बाजूला कोरी पट्टी सोडायची, तिथे त्या क्षणी आपल्या मनात काय चाललं होतं ते खरंखरं लिहायचं. नाव-गाव बदलायचं. हे कागद घेऊन सुपरव्हायझरसमोर बसायचं.

माझं पहिलं व्हर्बेटिम मी अजून ठेवलंय. पन्नाशीच्या बाई होत्या, झोप येत नाही म्हणून आलेल्या (ओळख पटेल असं सगळं बदलून लिहिते आहे). मी विचारलं, किती दिवसांपासून? चहा किती वेळा घेता? दुपारी झोपता का? बाई म्हणाल्या, "सून आल्यापासनं माझ्या स्वयंपाकघरात मीच पाहुणी झालेय." आणि माझं पुढचं वाक्य कागदावर असं आहे : "रात्री मोबाइल बघता का?"

सुपरव्हायझर बाईंनी पेन्सिलीनं माझे प्रश्न मोजले. बारा मिनिटांत तेवीस. मग त्या स्वयंपाकघराच्या ओळीवर पेन्सिल टेकवून म्हणाल्या, "इथे ती बोलली होती. तू कुठे होतीस?" उजवीकडच्या पट्टीत मी लिहिलेलं होतं : 'भीती वाटते आहे, पुढे काय विचारू.' त्या म्हणाल्या, "हे लिहिलंस ते बरं केलंस. तू तिचं ऐकत नव्हतीस, तुझ्या भीतीचं ऐकत होतीस." रागावल्या नाहीत. पण मला घरी जाताना परळ ते दादर चालत जावंसं वाटलं आणि मी चालतच गेले.

पुढच्या आठवड्यात त्या बाई परत आल्या. मी फक्त म्हटलं, "मागच्या वेळी तुम्ही म्हणालात, स्वयंपाकघरात पाहुणी झाल्यासारखं वाटतं." आणि गप्प बसले. त्यांनी चष्मा काढला, पदरानं पुसला, परत घातला. त्याला किती वेळ लागला असेल, पाव मिनिट. मला तो पाव मिनिट धरून ठेवणं आयुष्यात सगळ्यात अवघड गेलं. मग त्या बोलायला लागल्या.

कार्ल रॉजर्स या अमेरिकी मानसशास्त्रज्ञानं १९५७ साली लिहिलं की समोरच्याला समजून घेणं, त्याचा विनाअट स्वीकार आणि स्वतःचा खरेपणा यांनी माणूस बदलू शकतो. परीक्षेत यावर प्रश्न येतो, सगळे पानभर उत्तर लिहितात. मी पण लिहिलं होतं, चांगले गुण पडले होते. तरी त्या बाईंना मोबाइलच विचारला. म्हणून सांगते, पुस्तकातलं अंगात उतरायचं तर कुणीतरी आपलं काम ओळ न् ओळ वाचणारं लागतं.

दुसरी एक गोष्ट वर्गातच शिकता येते. तिघा-तिघांचे गट करतात, एक समुपदेशक, एक क्लायंट, एक निरीक्षक. आम्हाला त्यात आत्महत्येबद्दल थेट विचारायला शिकवलं. मी विचारायचे, "तसलं काही मनात येतं का?" शिक्षक थांबवायचे. 'तसलं' म्हणजे काय? समोरच्याला कळतं की ही बाई तो शब्द उच्चारायलाच घाबरते, मग तो तिला सांगणारच नाही. "जीव द्यावासा वाटतो का?" हे वाक्य आवाज न कापता येईपर्यंत मला दहा-बारा वेळा म्हणायला लावलं. विचारल्यानं ते डोक्यात भरत नाही, हे अभ्यासांतून दिसलेलं आहे. पण ते माहीत असणं वेगळं आणि जिभेला वळण लागणं वेगळं. आजही दवाखान्यात हा प्रश्न विचारताना मला तो वर्ग आठवतो, कालिन्याच्या झाडांवरचे पावसाळी कावळे आणि खिडकीशी बसलेली ती निरीक्षक मुलगी.

शाळेत काम करणार असाल तर कायदाही नीट शिका. मुलानं काही सांगितलं की आपण म्हणतो, कुणाला सांगणार नाही. असं शपथेवर म्हणायचं नाही. लैंगिक अत्याचाराची गोष्ट कळली तर २०१२ च्या पॉक्सो कायद्याच्या कलम १९ प्रमाणे ती पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे. म्हणून पहिल्याच भेटीत, मुलाला कळेल अशा भाषेत, काय गुप्त राहील आणि काय राहणार नाही हे सांगायचं. हे सांगताना मूल बिचकतं. तरी सांगायचं.

कुठे जाल? मुंबई विद्यापीठाच्या कालिना संकुलात उपयोजित मानसशास्त्र विभाग आहे, तिथे एम.ए.ला समुपदेशन घेता येतं. चर्चगेटला एसएनडीटी महिला विद्यापीठ आहे. देवनारला टाटा सामाजिक विज्ञान संस्थेत, म्हणजे टिसमध्ये, क्लिनिकल आणि समुपदेशन या दोन्हींचं मिळून एम.ए. उपयोजित मानसशास्त्र आहे. नाव मोठं आणि प्रशिक्षणही खरंच चांगलं, पण ते पूर्ण वेळचं, नोकरी करून झेपणारं नाही. त्याला सीयूईटी-पीजी ही देशपातळीवरची प्रवेश परीक्षा द्यावी लागते. ती साधारण मार्चमध्ये होते आणि अर्ज दोन-तीन महिने आधी निघतात. भांडुपहून कालिना तुम्हाला सोयीचं, कुर्ल्याला उतरून बस किंवा रिक्षा. पण तासिकांचं वेळापत्रक हातात घेतल्याशिवाय शाळेत काही बोलू नका. आणि फील्डवर्क, म्हणजे दवाखान्यात किंवा संस्थेत प्रत्यक्ष काम, असतंच, ते बहुधा सकाळचं, ओपीडीच्या वेळेचं. तेवढ्या महिन्यांसाठी बिनपगारी रजा मिळते का, की दुपारच्या अधिवेशनात बदली, हे मुख्याध्यापकांना आधीच विचारून लेखी घ्या.

भांडुपची बाई

दादर पूर्व ताई, तुमचा प्रतिसाद रात्री मुलीला झोपवून वाचला. "तसलं काही" हे मी परवाच एका पालकांशी बोलताना म्हटलं होतं, अगदी याच शब्दांत.

जुनी ओपीडी, आभार. ती निम्म्या फीवाली परत फोन करत होती, तिला विचारलं की सुपरव्हिजन कोण देतं. म्हणाली, मॅडम, आमचा व्हॉट्सअॅप ग्रुप आहे.

दोन गोष्टी राहिल्या. इंग्रजीचं कसं? आणि तो मुलगा आता दहावीत आहे, माझ्याच शाळेत. मी काही शिकेपर्यंत दोन वर्षं जातील. त्याच्याशी आता बोलू का, की आणखी बिघडेल?

कोपरी पूल

इंग्रजीबद्दल मी सांगतो, कारण मीही मराठी माध्यमाचा, चिपळूणजवळच्या गावातून आलेला. एम.ए.ची पुस्तकं इंग्रजीच. पहिलं सत्र मी शब्दकोश मांडीवर घेऊन काढलं. एक पान वाचायला तास लागायचा, दिवाळीनंतर वीस मिनिटांवर आलं. वर्गात शिक्षक इंग्रजी-हिंदी-मराठी मिसळून बोलतात. प्रेझेंटेशनला माझे पाय थरथरले, पण पास झालो.

पुढे इंग्रजीचा हाच प्रश्न उलटा होतो, आणि तो कुणी सांगत नाही. मी नंतर पाच वर्षं एका सरकारी रुग्णालयातल्या एचआयव्ही तपासणी केंद्रात समुपदेशक होतो. तपासणीच्या आधी आणि निकालानंतर प्रत्येकाशी बोलायचं, दिवसाला तीस-पस्तीस लोक. तिथे माझं पुस्तकी इंग्रजी तर सोडाच, पुस्तकी मराठीही चालेना. नैराश्यासाठी नऊ प्रश्नांची एक प्रश्नावली असते, पीएचक्यू-९. तिच्यातला पहिला प्रश्न मी एका मावशींना वाचून दाखवला, गोष्टी करण्यात रस किंवा आनंद कमी वाटतो का? मावशी म्हणाल्या, "आनंद कसला रे बाबा, चारला उठते पाणी भरायला." आता याला शून्य द्यायचा की तीन? मी फॉर्म बाजूला ठेवला आणि विचारलं, "आधी काय करायला आवडायचं?" म्हणाल्या, भजनाला जायचे, मंडळ होतं आमचं. आता? "आता मन लागत नाही." मला उत्तर तिथे मिळालं.

त्या दिवसापासून वही केली. लोक त्रास कोणत्या शब्दांत सांगतात ते लिहून ठेवायचो. जीव घाबराघुबरा होतो. डोकं भणभणतं. छातीवर कुणी बसल्यासारखं होतं. हातापायातलं बळ गेल्यासारखं वाटतं. जिवाला चैन नाही. कसंतरीच होतं. 'डिप्रेशन' म्हणणारा कॉलेजातला पोरगा वेगळा, आणि 'कसंतरीच होतं' म्हणणारा गोदीतला कामगार वेगळा, पण दोघंही तीच गोष्ट सांगत असतात. ताई, मराठी शिकवणाऱ्या बाई आहात तुम्ही, ही वही तुमच्याकडे आयती असेल. इंग्रजी येईल दोन वर्षांत. हे ज्याच्याकडे नाही त्याला ते दहा वर्षांतही येत नाही, माझ्या बरोबरचे हुशार लोक पाहिलेत मी.

मराठीतून काही वाचायचं-ऐकायचं असेल तर ठाणं तुम्हाला तीन स्टेशनं. तिथे डॉ. आनंद नाडकर्णी यांनी १९९० मध्ये आयपीएच (इन्स्टिट्यूट फॉर सायकॉलॉजिकल हेल्थ) ही मानसिक आरोग्याची संस्था सुरू केली, तिच्या मराठीतल्या कार्यशाळा आणि व्याख्यानं आहेत. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिसची विवेकनिष्ठ उपचारपद्धत आपल्याकडे रुजवली ती कि. मो. फडके यांनी, त्यांचंही मराठीत लेखन आहे. पदवीच्या जागी हे धरू नका, पण प्रवेश मिळेपर्यंत कान तयार होतील.

खर्चाचं एकच सांगतो. फीपेक्षा फील्डवर्कच्या महिन्यांत जास्त ओढाताण होते. पगार कमी, प्रवास जास्त, वर छपाई आणि पुस्तकं. चार-पाच महिन्यांच्या घरखर्चाचे पैसे बाजूला काढून मगच नाव घाला, म्हणजे कर्जाची वेळ येणार नाही.

दादर पूर्व

त्या मुलाबद्दल. समुपदेशक म्हणून बोलायला तुम्हाला दोन वर्षं लागतील. बाई म्हणून आजच बोलता येईल.

स्टाफरूममध्ये बोलावू नका, तिथे तो एकदा गप्प झालेला आहे. जिन्यात, मैदानावर, कुठेही उभ्या-उभ्या चालेल. त्याला सांगा, "गेल्या वर्षी मी तुला रडायचं नाही म्हटलं. ते मी चुकीचं बोलले." एवढंच. त्याला 'बोल ना' म्हणू नका, पाठीवर हात ठेवू नका, डबा पुढे करू नका. तो "हो बाई" म्हणेल. म्हणू दे. तुमचं वाक्य तुम्ही परत घेतलंत, हे त्याला कळणं पुरे आहे. पुढचं बोलायचं की नाही, कधी, कुणाशी, हे त्याचं.

आणि त्याच्या आईशी एकदा नीट बोला. झोपतो का, जेवतो का, मित्र आहेत का, वस्तू वाटून टाकतोय का, "मी नसतो तर बरं झालं असतं" असलं काही बोललाय का. यातलं काही असेल तर तुमच्या शिकण्याची वाट बघायची नाही. मुलुंडपासून परळपर्यंत पालिकेची रुग्णालयं आहेत. केईएम, सायन किंवा नायरच्या मानसोपचार विभागात केसपेपर काढून दाखवता येतं. रात्री-अपरात्री गरज पडली तर टेलि-मानस या मानसिक आरोग्य मदतवाहिनीचा १४४१६ हा सरकारी क्रमांक आहे, तिथे मराठीत बोलता येतं. तो आईच्या फोनमध्ये भरून द्या, चिठ्ठीवर नको, चिठ्ठी हरवते.

यातलं काही नसेल आणि तो नुसताच वडलांच्या रिक्षात बसत असेल, तर बसू द्या त्याला. ती रिक्षा इतक्यात विकू नका, एवढं आईला सांगा. परवडत असेल तर.

भांडुपची बाई

आज बोलले. पाणपोईपाशी भेटला, बाटली भरत होता. तुम्ही सांगितलं तेवढंच वाक्य बोलले, मधे अडखळले, पण पुरं केलं. त्यानं बाटलीचं झाकण लावलं, "हो बाई" म्हणाला आणि वर्गात गेला. त्याच्या आईला शनिवारी बोलावलं आहे. क्रमांक मी स्वतः तिच्या फोनमध्ये भरणार आहे.

मुख्याध्यापकांना विचारलं. जूनपासून दुपारच्या अधिवेशनाचं बघू म्हणाले, लेखी अर्ज करा. अर्ज उद्या देते. सोमवारी शाळा सुटल्यावर कालिन्याला जाते आहे, दोनपर्यंत पोचेन. विचारायचे प्रश्न वहीत लिहिलेत, व्हर्बेटिमचा सगळ्यात वर. कोपरी पूल दादा, त्याच वहीच्या मागच्या बाजूनं शब्द लिहायला सुरुवात केली आहे. पहिला शब्द वर्गातल्या एका मुलीचा आहे. काल पोटात दुखतंय म्हणून घरी जायची परवानगी मागत होती. नेमकं कुठे दुखतंय विचारलं तर म्हणाली, "बाई, दुखत नाही, आत नुसतं गलबलतंय."